एक खाडी, दोन काठ : कोकणच्या दंतुर किनाऱ्यावरील उन्हाळी सुटी

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी ७२० किलोमीटर आहे, असे शालेय भूगोलातून अनेक पिढ्या शिकत आल्या. केंद्र सरकारने अलीकडे नव्या पद्धतीने केलेल्या मोजणीत ही लांबी सुमारे ८७७ किलोमीटर भरली आणि देशाच्या एकूण किनाऱ्याचा आकडाही ७,५१६ वरून ११,०९८ किलोमीटरांवर गेला. किनारा वाढलेला नाही. पूर्वी ढोबळ नकाशावर जवळपास सरळ ओढली जाणारी रेघ आता प्रत्येक खाडीत शिरते, प्रत्येक भूशिराला वळसा घालते आणि लहानसहान कोपरे धरून पुढे सरकते, एवढाच त्यातला फरक आहे. अशा तुटक, खाचाखोचांच्या किनाऱ्याला भूगोलात दंतुर किनारा म्हणतात, आणि बाणकोटच्या खाडीपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेला रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा किनारा हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

मे महिन्याच्या सुटीत येथे येणारा प्रवासी मात्र अजूनही त्या जुन्या सरळ रेघेच्या हिशेबानेच येतो. गणपतीपुळ्याला एक मुक्काम, मालवणला दोन, मधले अंतर शक्य तितक्या लवकर कापायचे, असा त्याचा बेत असतो. आणि नकाशावर हाताच्या अंतरावर दिसणाऱ्या गावाला पोहोचण्यासाठी खाडीला वळसा घालत दोन तास गाडी हाकावी लागली की त्याला किनाऱ्याची तुटकता ही अडचण वाटू लागते. वास्तविक कोकणाने जे जे कमावले ते या तुटकतेतूनच कमावले आहे. खाड्यांमुळे बंदरे झाली, बंदरांमुळे किल्ले झाले, खडकाळ माथ्यांवर हापूसची कलमे रुजली आणि खडकांच्या आडोशाला मासळी वाढली. म्हणून या किनाऱ्यावरील सुटीचा आराखडा पुळणींच्या यादीवरून आखण्यापेक्षा खाडी हे एकक धरून आखावा, हे अधिक सयुक्तिक ठरते. एका खाडीचे दोन काठ, तिच्या मुखावरचा किल्ला, माथ्यावरचा सडा आणि पायथ्याची पुळण एवढा परिसर नीट पाहायला तीन-चार दिवस सहज लागतात, आणि तेवढ्यात हा सगळा प्रदेश कसा चालतो ते उमगू लागते.

कातळ, सडा आणि पुळण

कोकणात सह्याद्रीची धार आणि समुद्र यांच्यात साधारण पन्नास-साठ किलोमीटरांचेच अंतर असल्यामुळे येथील नद्या आखूड आहेत. त्या घाटातून वेगाने उतरतात आणि मुखाशी एकाएकी रुंद होतात. शेवटचे हिमयुग ओसरल्यावर जगभर समुद्राची पातळी शंभर मीटरांहून अधिक वाढली, तेव्हा या नद्यांच्या खालच्या दऱ्यांत खारे पाणी शिरले आणि आज दिसणाऱ्या खाड्या तयार झाल्या. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची, शास्त्रीच्या मुखाशी जयगडची, वाघोटण नदीच्या मुखाशी विजयदुर्गची आणि कर्ली नदीच्या मुखाशी देवबागची खाडी अशी ही मालिका दक्षिणेकडे चालत जाते.

दोन खाड्यांच्या मधले भूशिर हे बहुतेक ठिकाणी दुहेरी बांधणीचे असते. तळाशी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेला बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, असतो आणि त्याच्यावर जांभ्याचा तांबडा, सच्छिद्र थर असतो. उष्ण आणि अतिपावसाच्या हवेत मूळ खडकातील विरघळणारे घटक वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली आणि त्यातून जांभा तयार झाला. खाणीतून नुकताच काढलेला जांभा कापायला मऊ असतो आणि हवा लागली की टणक होत जातो. त्याचे चौकोनी ठोकळे म्हणजेच चिरे, आणि कोकणातील घर, कुंपणाचा गडगा, देवळाचा पार आणि विहिरीचे बांधकाम बव्हंशी याच चिऱ्यांचे असते. मालवण-वेंगुर्ल्याच्या बाजूला बेसाल्टपेक्षाही फार जुने खडक उघडे पडतात, त्यामुळे तेथील किनाऱ्याचा रंग आणि पोत दोन्ही बदलतात.

या भूशिरांच्या सपाट माथ्याला सडा म्हणतात. मे महिन्यात सडा करपलेला, काळपट आणि निर्मनुष्य दिसतो, आणि समुद्राच्या ओढीने निघालेली गाडी तेथे क्वचितच थांबते. सड्याच्या कडेवरून खाली पाहिले की नारळी-पोफळीच्या आगरात दडलेले गाव, त्यापलीकडे सुरूचे बन आणि दोन खडकाळ टोकांच्या मध्ये पसरलेली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, दिसतो. रत्नागिरीच्या मांडवी भागात ही वाळू काळसर आहे, कारण तिच्यात इल्मेनाइट या जड खनिजाचे कण मिसळलेले आहेत. म्हणून त्या बाजूला काळा समुद्र आणि मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र अशी नावे गावकऱ्यांनी फार पूर्वीपासून वापरात ठेवली आहेत. गणपतीपुळे ते रत्नागिरी या टप्प्यात आरे-वारे येथे रस्ता भूशिराच्या कडेवरून जातो, आणि माथा, कडा व पुळण यांची ही रचना तेथे एका दृष्टिक्षेपात पाहता येते.

भरतीचे घड्याळ

या किनाऱ्यावर दिवसाचा क्रम सूर्याइतकाच चंद्रावर चालतो. मासेमारीवर जगणाऱ्या गावात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची रीत आजही चालते: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारच्या आधी भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी लागून पूर्ण होते. हा हिशेब ढोबळ असला तरी सुटीचा दिवस आखायला तो पुरेसा असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाण्याची चढउतार कमी राहते, तो भांग होय.

किनाऱ्यावरील कित्येक ठिकाणे या घड्याळाशी बांधलेली आहेत. बाणकोट खाडीच्या उत्तरेला, रायगड जिल्ह्याच्या हद्दीत असलेल्या हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कड्याच्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि लाटांनी जाळीसारख्या कोरलेल्या खडकांच्या सपाट पट्ट्यावरून पुढे जाते. हा पट्टा ओहोटीलाच मोकळा असतो आणि भरती सुरू झाल्यावर तेथे रेंगाळणे जिवावर बेतू शकते. गुहागर तालुक्यातील हेदवी येथे नेमके उलटे आहे. उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात समुद्राने कोरलेली बामणघळ ही अरुंद, खोल चीर आहे. ओहोटीला ती नुसती भेग दिसते. भरतीच्या वेळी मात्र तिच्यात घुसलेल्या लाटेला पुढे वाट उरत नाही, कोंडलेली हवा आणि पाणी एकदम वर उसळते आणि गर्जनेसह उंच फवारा फुटतो. वर्षानुवर्षे चाललेल्या या माऱ्यानेच खडकातील मूळची फट घळीएवढी रुंदावली. अशा घळीच्या ओल्या काठावर उभे राहून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा, कारण दहा लाटा सौम्य आल्या म्हणजे अकरावीही तशीच येईल असा नियम नाही.

पूर्ण ओहोटीला उघडे पडणारे खडक हे गावातील बायकांचे कामाचे ठिकाण असते. खडकाला घट्ट चिकटलेली कालवे लोखंडी अवजाराने फोडून काढणे आणि खाडीच्या चिखल-वाळूतून तिसऱ्या, मुळे, खुबे वेचणे हे कंबर वाकवून करायचे, नजरेचे आणि सवयीचे काम आहे. त्याच खडकांतील डबक्यांत लहान खेकडे, समुद्रफुले आणि शंखातले जीव पाण्याची वाट पाहत असतात. मुलांना समुद्र दाखवायचा असेल तर लाटांत उभे करण्याआधी ही डबकी दाखवावीत. पोहण्याच्या बाबतीत स्थानिकांचे ऐकणे अनिवार्य आहे. गणपतीपुळ्यासारखी पुळण वरून सपाट भासली तरी पाण्याखाली वाळूचे खड्डे आणि आत ओढणारे प्रवाह तयार होतात, त्यांची जागा ऋतूनुसार बदलते, आणि दर सुट्टीत तेथे होणाऱ्या दुर्घटनांत बाहेरून आलेल्यांचीच संख्या अधिक असते.

खाडी ओलांडताना

बाणकोट खाडीवर वेश्वी ते बागमांडला, दाभोळ खाडीवर दाभोळ ते धोपावे आणि जयगड खाडीवर तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटी चालतात. दाभोळची सेवा २००३ साली सुरू झाली, तोपर्यंत गाडीने गुहागर गाठायचे तर चिपळूणमार्गे शंभरेक किलोमीटरांचा वळसा पडत असे. सपाट तळाची ही बोट काठाला लागली की तिचा पुढचा पत्रा उतरतो, एसटीपासून दुचाकीपर्यंत सगळी वाहने मागेपुढे करत खेटून लावली जातात, माशांच्या टोपल्या, शाळकरी पोरे आणि आंब्याच्या पेट्या वाहनांच्या मधल्या फटीत बसतात, आणि थोड्याच वेळात दुसरा काठ येतो. या थोड्या वेळात खाडी तिच्या मध्यावरून दिसते आणि काठावर किल्ला तेथेच का उभारला ते नकाशाविना कळते.

दाभोळच्या दक्षिण तीरावर अंजनवेलचा गोपाळगड आहे, जयगडच्या मुखावर जयगड, मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड, बाणकोटच्या मुखावर हिंमतगड. खाडीच्या तोंडावरील उंचवट्यावर तोफा ठेवल्या की आत येणाऱ्या प्रत्येक गलबताकडून जकात घेता येत असे आणि घाटावरून उतरलेला माल सुरक्षितपणे बाहेर पाठवता येत असे. किल्ले आणि बंदरे एकमेकांना धरून होती ती अशी. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळात परदेशी व्यापाराचे मोठे बंदर होते. आज ते शांत गाव असले तरी धक्क्याजवळची आदिलशाहीकालीन शाही मशीद त्या वैभवाची साक्ष देते.

दाभोळच्या उत्तरेला दापोली तालुक्यात हर्णै हे आजही गजबजलेले मासळीबंदर आहे. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग आणि फत्तेगड, आणि यांच्या मधल्या पुळणीवर संध्याकाळी भरणारा लिलाव असे येथील दृश्य असते. मोठ्या नौका खोल पाण्यात नांगरतात, मासळी लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून काठावर येते, वाळूवर पापलेट, सुरमई, हलवा, कोळंबी, म्हाकूल यांचे वेगवेगळे ढीग लागतात, आणि प्रत्येक ढिगाभोवती जमलेल्या घोळक्यात बोली चढू लागते. घाऊक व्यापाऱ्यांची बोली बर्फाच्या ट्रकसाठी असते. मासळी विकणाऱ्या बायका लहान ढीग घेतात आणि तेथेच वाटे करून किरकोळ विक्रीला बसतात. पाहुण्याने या घोळक्याच्या मध्ये न शिरता बाजूला उभे राहावे आणि खरेदी या बायकांकडून करावी. जवळच आंजर्ल्याला कड्यावरचा गणपती आहे. तेथून जोग नदीची खाडी, पुळण आणि सुवर्णदुर्ग एकत्र दिसतात.

याच पट्ट्यातील वेळास आणि आंजर्ले ही गावे कासवांसाठी ओळखली जातात. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी रात्री वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसे आणि कुत्री खात असत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ही अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित ठेवायला सुरुवात केली, आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिल्ले सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडण्याचा प्रसंग पाहायला लोक येऊ लागले. हे काम फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत चालते, म्हणून परीक्षा लवकर आटोपलेल्या कुटुंबांनी सुटीची सुरुवात येथून करावी.

कलमांचा महिना

एप्रिल-मे हा किनाऱ्यावरील हापूसचा हंगाम आहे, आणि तो पाहिल्याशिवाय सड्याचे महत्त्व लक्षात येत नाही. जांभ्याच्या उघड्या कातळात सुरुंगाने किंवा पहारीने खड्डा करायचा, त्यात दुसरीकडून आणलेली माती भरायची आणि कलम लावून पहिली काही वर्षे डोक्यावरून पाणी घालून ते जगवायचे, अशा कष्टाने देवगड आणि रत्नागिरीच्या कित्येक बागा उभ्या राहिल्या आहेत. कातळात पाणी साचत नाही, समुद्रावरून दमट वारा येतो आणि उन्हाची झळ खालून-वरून लागते. या परिस्थितीत फळ आकाराने बेताचे पण स्वादाने गाढ होते, असा बागायतदारांचा अनुभव आहे. कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ठरावीक जिल्ह्यांत पिकलेल्या फळालाच ते नाव अधिकृतपणे लावता येते.

काढणीचे काम पहाटे सुरू होते आणि ऊन चढण्याआधी आवरते. लांब काठीला जाळी आणि पाते लावलेल्या साधनाला झेला म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्यात सुधारणा करून नूतन झेला तयार केला आहे. फळ देठासकट काढावे लागते, कारण देठ मोडला की चीक सालीवर ओघळतो आणि तेथे डाग पडतो. फळ किती तयार आहे हे आण्यांत सांगितले जाते: चौदा आणे तयार झालेले, म्हणजे साधारण ८५ टक्के पक्व झालेले फळ काढणीयोग्य मानतात. झाडावर चढलेला गडी खालच्याला न बघता फळ हेरतो, देठाजवळचा खांदा भरला आहे की नाही हे पाहतो आणि मगच झेला वळवतो. खाली सावलीत फळे वजनाप्रमाणे निवडून भाताच्या पेंढ्यात अढी घालतात, म्हणजे थरावर थर लावून नैसर्गिक उबेत पिकायला ठेवतात, किंवा पेट्या भरून वाशीच्या बाजाराकडे पाठवतात. अनेक बागांत राखणीला आणि काढणीला नेपाळी कामगार असतात. थेट बागेतून आंबा घेणाऱ्याने पिकलेल्या फळाचा हट्ट धरू नये. अढीतले फळ घरी नेऊन आठ-दहा दिवस थांबण्याची तयारी ठेवावी.

आंब्याच्या आडून बाकीची फळे दुर्लक्षित राहतात. मेमध्ये रातांबे पिकतात. त्यांची साल रसात भिजवून वाळवली की आमसूल होते, आणि मिठात मुरवलेला रस म्हणजे आगळ. त्याच आगळात नारळाचे दूध मिसळून होणारी सोलकढी दुपारच्या उन्हावर उतारा ठरते. अंगणात साठांच्या थाळ्या, आंब्याफणसाच्या पोळ्या आणि आमसुले वाळत असतात, आणि वळवाचा ढग दिसला की सगळे घर ते उचलायला धावते. मुंबईत नोकरी करणारा चाकरमानी याच दिवसांत गावी येतो, गावातील बंद दारे उघडतात, जत्रा, सत्यनारायण आणि दशावताराचे खेळ रंगतात. कोकणातील उन्हाळी सुटीचा मूळ अर्थ घरी परतणे हा आहे. पर्यटक या घरपणाचाच पाहुणा असतो.

सड्यावरची चित्रे

रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतील सड्यांवर गेल्या दशकभरात मोठ्या संख्येने कातळशिल्पे नोंदली गेली. कातळशिल्प म्हणजे जांभ्याच्या आडव्या पृष्ठभागावर खोदलेली आकृती. ती डोंगराच्या भिंतीवर नसून पायाखाली असते, त्यामुळे गुराख्यांना ठाऊक असूनही अभ्यासकांच्या नजरेतून ती दीर्घकाळ निसटली. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून, गावकऱ्यांशी बोलून आणि माती-गवत झाडून त्यांचा शोध घेतला. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंध्ये तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरीतील, कुडोपी हे सिंधुदुर्गातील आणि फणसायमाळ हे गोव्यातील स्थळ २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत दाखल झाले.

कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर अनेक प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. जवळ उभे राहिल्यावर फक्त खाचा दिसतात. चार पावले मागे आणि थोडे उंचावर गेले की सोंड, पाय, पाठ जुळत जातात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात खाचांत सावली भरते आणि आकृती स्पष्ट होते, म्हणून भर दुपारी तेथे जाण्यात अर्थ नाही. काही सड्यांवर आज कोकणात नसलेले गेंड्यासारखे प्राणी कोरलेले आहेत, आणि त्यामुळे ही चित्रे शेती सुरू होण्यापूर्वीच्या शिकारी माणसांची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. कशेळीलाच कनकादित्य हे सूर्याचे देऊळ आहे आणि खाली देवघळीची लहान, कड्यांनी वेढलेली पुळण आहे, त्यामुळे तेथे एक पूर्ण दिवस सत्कारणी लागतो.

महसुली कागदांत सड्याची नोंद पडीक जमीन अशी असते, आणि हाच त्याला सर्वांत मोठा धोका आहे. चिरेखाणी, रस्ते आणि बांधकामे प्रथम अशाच जमिनीवर येतात. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी झालेल्या सर्वेक्षणाला २०२३ साली मोठा विरोध झाला तेव्हा कातळशिल्पांचा प्रश्नही चर्चेत आला. पाहायला येणाऱ्याने कुंपणाबाहेर राहावे, खाचांत खडूची पूड किंवा पाणी भरू नये आणि गावातील माहीतगाराला सोबत घ्यावे. त्यातून त्याला रोजगार मिळतो आणि सडा राखण्यात गावाचा स्वार्थही उभा राहतो.

दर्यातील दुर्ग

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. त्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे या किनाऱ्यावरचे तीन आहेत. विजयदुर्गाचा पाया शिलाहारांच्या काळात घातला गेला, शिवाजी महाराजांनी तो घेऊन बळकट केला आणि आंग्र्यांच्या काळात तो मराठी आरमाराचे मुख्य ठाणे झाला. तटांच्या तीन ओळी, वाघोटण खाडीत आत खडक कोरून केलेली आंग्र्यांची गोदी आणि किल्ल्याबाहेर समुद्रतळाशी असलेली दगडी भिंत पाहिली की येथे जमीन आणि पाणी यांचा एकत्र विचार झाला होता हे पटते. १७५६ साली इंग्रज आरमार आणि पेशव्यांचे सैन्य यांच्या एकत्रित मोहिमेत आंग्र्यांची ही सत्ता संपली.

किल्ल्यातील साहेबाचे ओटे म्हणून ओळखले जाणारे चौथरे दाखवताना हेलियमचा शोध येथे लागला असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात हेलियमच्या शोधाला कारण ठरलेली सूर्यप्रकाशातील रेषा १८६८ सालची आहे. त्या वर्षी ग्रहणाच्या वेळी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी आपले निरीक्षण इंग्लंडमधून केले. लॉकियर विजयदुर्गावर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. ही खरी हकीकतही तितकीच मोलाची आहे: जगाला माहीत झालेला शास्त्रज्ञ आपली उपकरणे घेऊन या किल्ल्यावर तळ ठोकून राहिला होता.

सिंधुदुर्गाचे बांधकाम नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सुरू झाले. मालवणच्या धक्क्यावरून निघालेली होडी पाण्याखालच्या खडकांतून वाट काढत जाते आणि तट अगदी जवळ आला तरी दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या वळणात तो असा दडवलेला आहे की शत्रूला सरळ मारा करता येऊ नये. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, आणि चारी बाजूंना खारे पाणी असताना बेट लढवता आले ते त्यांच्या बळावर. राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वराचे मंदिर आणि शिवाजी महाराजांच्या हातापायांचे म्हणून जपलेले ठसे येथे आहेत, आणि काही कुटुंबे आजही किल्ल्यात राहतात.

मालवणच्या पुढे

मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, आणि त्यांच्या रक्षणासाठी १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. प्रवाळ हा दगडासारखा दिसणारा पण जिवंत प्राण्यांचा समूह असून तो अतिशय मंद वाढतो. पाणबुड्याचा पोशाख घालून उतरलेल्या पाहुण्याचा एक पाय किंवा होडीचा एक नांगर वर्षानुवर्षांची वाढ मोडू शकतो. म्हणून स्कूबाचा आनंद घेताना कमी दराच्या मागे न लागता खाली कशालाही स्पर्श करू न देणारा मार्गदर्शक निवडावा.

तारकर्ली-देवबाग आणि आचरा-तोंडवळीच्या पुळणींवर नशिबाने रापण पाहायला मिळते. रापण हे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे आहे. एक दोर काठावर ठेवून होडी अर्धवर्तुळात जाळे सोडत जाते आणि दुसरा दोर घेऊन काठाला येते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात, पाय वाळूत रोवून, लाटेची मदत घेत जाळे इंचाइंचाने आत येते आणि दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकू लागतात. शेवटी जाळ्याच्या पोटात बांगडा, तारली, पेडवे चमकू लागतात. जाळे सामाईक, कष्ट सामाईक आणि मासळीचेही वाटे, अशी ही व्यवस्था आहे. यांत्रिक नौकांवरील पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढून तळाशी आवळले जाणारे जाळे, मासळी किनाऱ्याला येण्याआधीच उचलते, असे रापणकरांचे गाऱ्हाणे आहे, आणि रिकाम्या येणाऱ्या रापणी पाहता ते दुर्लक्षिण्यासारखे नाही.

पुढे निवतीचा किल्ला आणि समोर समुद्रात पाकोळ्यांच्या वसतीचे, दीपगृहाचे खडक, वेंगुर्ल्याचे बंदर, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने आणि वि. स. खांडेकरांच्या शिक्षकी वास्तव्याने ओळखले जाणारे शिरोडा. पुढे रेडीचा गणपती आणि मग किनारा तेरेखोलच्या खाडीला जाऊन भिडतो. तेथेही पलीकडे गोव्याच्या केरीला जायला फेरीबोट आहे.

हंगाम मिटताना

मेच्या अखेरीस समुद्र फुगू लागतो, किल्ल्यांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात, आणि १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला बंदी लागते, कारण पावसाळा हा माशांच्या प्रजननाचा काळ आहे. नौका ओढून काठावर घेतल्या जातात, शाकारणी होते आणि घरे पावसाच्या तयारीला लागतात. प्रवाशाने शेवटच्या आठवड्यात होडीसाठी हट्ट धरू नये. खलाशी नाही म्हणतो त्यामागे पिढ्यांचे शहाणपण असते.

या प्रदेशात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी मे महिन्यात अनेक वाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते, कारण सच्छिद्र जांभ्यातून आणि तीव्र उतारावरून ते निघून जाते. सुटीची गर्दी नेमकी याच महिन्यात येते. शंभर खोल्यांचे हॉटेल एकाच पुळणीवर उभे राहिले तर तेथील विहिरींवर आणि आगरांवर त्याचा भार पडतो. तेवढीच माणसे खाडीच्या दोन्ही काठांवरील घरगुती निवास-न्याहारीच्या खोल्यांत विखुरली तर भार वाटला जातो आणि पैसाही. नाश्त्याला घावणे, दुपारी माशांचे कालवण, संध्याकाळी खाडीची फेरी आणि सकाळी सड्यावर माहीतगार, असा दिवस काढणाऱ्या पाहुण्याचे पैसे घरच्या बाईपासून होडीवाल्यापर्यंत अनेकांच्या हाती पोहोचतात.

रेवस ते रेडी या सागरी महामार्गावर मोठ्या खाड्यांवर पूल उभारण्याची योजना पुढे सरकत आहे. आजारी माणसाला रुग्णालय आणि विद्यार्थ्याला महाविद्यालय त्यामुळे जवळ येईल, म्हणून ते पूल हवेतच. परंतु त्यानंतर किनाऱ्यावरून एका दमात निघून जाणेही सोपे होईल, आणि मग मधल्या गावांत थांबायचे की नाही हे सर्वस्वी प्रवाशाच्या हाती राहील. आजवर खाडी त्याला सक्तीने थांबवत होती. पुढे त्याने स्वतःहून थांबले पाहिजे. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवबाग यांपैकी कोणतीही एक खाडी निवडून तिच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्यांची संख्या वाढली, तर सडा पडीक ठरणार नाही, रापणकराच्या बांगड्याला दारातच गिऱ्हाईक मिळेल, आणि चाकरमानी म्हणून मुंबईला जाणाऱ्या पुढच्या पिढीतील काहींना गावातच राहण्याचे कारण सापडेल.